आवेगाची दंतकथा आणि कुंचल्याची साक्ष

१/ अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकार म्हणजे भान हरपून कॅनव्हासवर तुटून पडणारा पुरुष, ही प्रतिमा आजही प्रमाण मानली जाते. कुणी तिची पूजा करतो, कुणी ‘हे तर लहान मूलही करील’ म्हणून हसतो. दोघेही एकाच दंतकथेवर विसंबलेले असतात.

२/ या दंतकथेला जन्मवर्षे आहेत. १९५० मध्ये हान्स नामुथ यांनी जॅक्सन पोलॉक यांची, काम करतानाची, छायाचित्रे टिपली. १९५२ मध्ये समीक्षक हॅरॉल्ड रोझेनबर्ग यांनी ‘अ‍ॅक्शन पेंटिंग’ ही संज्ञा मांडली आणि कॅनव्हासला कृतीचे रिंगण ठरवले. लोक चित्र सोडून चित्रकाराच्या हालचाली पाहू लागले.

३/ आता फ्रान्झ क्लाइन यांची चित्रे पाहावीत. रंगाऱ्याच्या रुंद ब्रशने ओढलेले काळे पट्टे एका दमात मारल्यासारखे भासतात. प्रत्यक्षात क्लाइन टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांवर लहान आराखडे करीत आणि त्यांतील निवडक आराखडे मोठ्या कॅनव्हासवर उतरवीत. पांढरा भागही रंगवलेलाच असे. काळ्याच्या कडा ते पांढऱ्याने कापत. जपानी सुलेखनाशी होणारी तुलना इथेच कोसळते, कारण तिथे कागद कोरा राहतो.

४/ विलेम डी कूनिंग यांचे ‘वुमन, वन’ तर १९५० ते १९५२ असे रेंगाळले. रंग लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा. ज्या फटकाऱ्यांना क्षणिक उद्रेक म्हटले जाते, त्यांच्याखाली रद्द केलेले असंख्य फटकारे गाडलेले आहेत.

५/ म्हणजे आवेग खोटा होता काय? मुळीच नाही. हाताचा झपाटा, ओल्या रंगात घसटलेले केस, उडालेले शिंतोडे खरेच आहेत. मात्र कोणता फटकारा राहील आणि कोणता पुसला जाईल, हे ठरवणारी नजर थंड होती.

६/ या दंतकथेची किंमत स्त्री-चित्रकारांनी मोजली. ली क्रास्नर यांनी १९५० च्या दशकात स्वतःचीच जुनी चित्रे फाडून, कापून त्या तुकड्यांतून नवी चित्रे रचली. तोडणे, निवडणे, जुळवणे हे पुरुषी उद्रेकाच्या चौकटीत बसेना; मग त्या दीर्घकाळ ‘पोलॉक यांची पत्नी’ एवढ्याच उरल्या.

७/ बखर वाचताना जी सावधगिरी बाळगली जाते, ती छायाचित्रालाही लागू आहे. अस्सल साधन चित्राचा पृष्ठभाग आहे. तो वाचता न येणाऱ्याने पूजाही करू नये, हसूही नये.