संसार भाड्याचा, हिशेब मुदतीचा

पुणे, प्रतिनिधी : घरच जर भाड्याचे, तर त्यातील पलंग आणि कपाट तरी मालकीचे कशाला, असा विचार नोकरीनिमित्त शहरात येणारा तरुण वर्ग करू लागला आणि त्यातून एक नवा व्यवसाय उभा राहिला. दरमहा ठरावीक रक्कम भरून फर्निचर वापरायचे आणि गरज सरली की परत करायचे, अशी ही पद्धत. ती कोणाला परवडते, हे पाहताना मात्र भाड्याच्या आकड्यापेक्षा मुदतीची अट अधिक महत्त्वाची ठरते.

भाड्याच्या वस्तू मराठी शहरांना नव्या नाहीत. लग्नकार्यातील भांडी, मांडवातील खुर्च्या भाड्यानेच येतात. पुण्यात शिकायला आलेल्या कित्येक पिढ्या ‘कॉट बेसिस’वर राहिल्या. २०१२ मध्ये सुरू झालेली फर्लेन्को आणि २०१४ मधील रेंटोमोजो या बंगळुरूच्या कंपन्यांनी याच गरजेला संघटित रूप दिले आणि मुंबई-पुण्यापर्यंत विस्तार केला. २०२३ मध्ये ‘स्लीपवेल’ गाद्या बनविणाऱ्या शीला फोमने फर्लेन्कोतील ३५ टक्के हिस्सा ३०० कोटी रुपयांना घेण्याचा निर्णय जाहीर केला. गादी उत्पादकालाही या बाजारात भवितव्य दिसले, असा त्याचा अर्थ.

गणित काय सांगते?

उदाहरणादाखल, पलंग, गादी, कपाट आणि टेबल-खुर्च्या मिळून ६० हजार रुपयांचे सामान धरू. अकरा महिन्यांच्या योजनेत त्याचे भाडे करासह अडीच हजार आणि दोन वर्षांच्या योजनेत दोन हजार रुपये आहे, असे मानू. अकरा महिन्यांचे भाडे होते २७,५०० रुपये. तेच सामान विकत घेऊन अकरा महिन्यांनी निम्म्या किमतीला विकले, तर तोटा ३० हजारांचा आणि वाहतुकीचा खर्च वेगळा. येथे भाडे सरस ठरते. दोन वर्षांत मात्र भाडे ४८ हजारांवर जाते, तर एकतृतीयांश किंमत हाती आली तरी मालकाचा तोटा ४० हजारच राहतो. तिसऱ्या वर्षाअखेर भाड्याची बेरीज ७२ हजार होऊन नव्या सामानाच्या किमतीलाही मागे टाकते.

विसंगती कोठे?

खरी अडचण दोन करारांच्या मुदतीत आहे. घराचा भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो, तर फर्निचरचा सर्वांत स्वस्त दर दीर्घ मुदतीसाठी मिळतो. घरमालकाने करार वाढविला नाही किंवा बदली झाली, की सामान मुदतीपूर्वी परत करावे लागते. अशा वेळी कमी मुदतीच्या दराने फरक वसूल होतो किंवा वेगळा आकार लागतो. वरील उदाहरणात हा फरक ५,५०० रुपयांचा होईल. दोन हजारांच्या आकड्यावर विसंबलेल्या ग्राहकाला तो अनामत परत घेताना जाणवतो.

कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. एकच टेबल दुसऱ्या, तिसऱ्या घरी गेले तरच त्यात गुंतविलेला पैसा सुटतो. गोदामात पडून राहिलेले सामान म्हणजे तोटा. म्हणूनच दीर्घ मुदतीला सवलत आणि ओरखड्यांसाठी कपात ही या व्यवसायाची अंगभूत गरज आहे. तथापि, ‘सामान्य झीज’ आणि ‘नुकसान’ यांतील सीमारेषा बहुतेकदा कंपनीच आखते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने अवाजवी अनामत आणि नुकसानीच्या तुलनेत अवास्तव दंड यांचा समावेश ‘अनुचित करारा’त केला आहे. पण अशा करारावरील तक्रार जिल्हा नव्हे, तर राज्य आयोगाकडे न्यावी लागते. चार-पाच हजारांसाठी तेथवर कोण जाणार? सेवेतील त्रुटीची तक्रार मात्र ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १९१५ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही उपलब्ध आहे.

त्यामुळे वर्षभराचाच मुक्काम असेल, तर भाड्याचा पर्याय सोयीचा. मुक्काम लांबणार असेल, तर जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारातील वापरलेले सामानही पाहावे. कोणत्याही परिस्थितीत फर्निचरची मुदत घराच्या करारापेक्षा मोठी नसावी आणि सामान घरात येताच त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. अनामत परत मागताना हाच पुरावा कामी येतो.