आपोआप नको!

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली तेव्हा पाऊस, आई आणि आजची स्त्री हे तिन्ही विषय माझ्या मैत्रिणींनी आधीच वाटून घेतले होते. उरलेसुरले म्हणून मी हा विषय घेतला असे कोणाला वाटले तर वाटो. वास्तविक गेले आठ महिने तो माझ्या मनात खुपतो आहे. विषय एवढासाच: आपल्या स्मार्टफोनमधली ॲप्स रात्रीतून आपोआप बदलतात, ती तशी बदलू द्यावीत की नाही? देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ते का, हे सांगायचे तर आधी एका बाजाराची गोष्ट सांगावी लागेल.

आमचे आप्पा कांदा, लसूण आणि बटाटा घेऊन आठवडी बाजारात बसतात. तीन गावचे तीन बाजार. बाकीच्या दिवशी दुसऱ्याच्या रानात काम. त्यांची शाळा दुसरीतच सुटली. तागडीमुळे आकड्यांशी त्यांची पक्की ओळख आहे, पण अक्षरे जुळवायला बसले की घाम फुटतो, आणि इंग्रजी तर लांबच राहिली. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे रेशन कार्ड, लाइट बिल, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि फोन ही सगळी खाती आपोआप माझ्याकडे आली. (हा ‘आपोआप’ मात्र मला मान्य आहे.)

गिऱ्हाइके सुटे पैसे आणीनाशी झाली तेव्हा आम्ही क्यूआरचा पुठ्ठा लावला. पैसे आले की मोठ्याने सांगणारा तो बोलका डबा घ्यायचा, तर त्याला दर महिन्याला भाडे. ते परवडेना. म्हणून पैसे आले की नाही हे फोनमध्येच पाहायला मी आप्पांना शिकवले. आता विचार करते तेव्हा जाणवते की मी त्यांना ते ॲप वाचायला शिकवलेच नव्हते. मी त्यांना जागा शिकवली होती. खाली उजव्या हाताला घड्याळासारखे चित्र, त्यावर बोट ठेवायचे. पहिल्या ओळीत हिरवा आकडा दिसला की पैसे आले. जुन्या घरात अंधारातही देवळीतली काडेपेटी नेमकी हाताला लागते, तसे आप्पांचे बोट आठ दिवसांत त्या घड्याळावर जाऊ लागले. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, एका हातात तागडी धरून ते दुसऱ्या हाताने खात्री करून घेत. मला त्यांचा किती अभिमान वाटला होता!

आणि एका मंगळवारी ते घड्याळ तिथे नव्हते.

आदल्या रात्री फोन चार्जिंगला लावून आप्पा झोपले होते. सकाळपर्यंत ॲप नवे झाले होते. रंग बदललेला, घड्याळ गेलेले, आणि त्या जागी कर्ज घ्या म्हणून सांगणारे कसले तरी चित्र आलेले. बाजार भरलेला. आमच्याकडून वर्षानुवर्षे लसूण नेणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी दोनशे चाळीस रुपये पाठवले आणि पिशवी उचलली. आप्पांनी फोन पाहिला. त्यांना काहीच सापडेना. बँकेचा निरोप येतो, पण तो इंग्रजीत. शेवटी त्यांनी गुरुजींना हाक मारली, “गुरुजी, पैसं आलं न्हाईत.” गुरुजींनी आपला फोन पुढे केला. तो आप्पांना वाचता येईना. आजूबाजूचे लोक थांबून पाहू लागले. गुरुजी काही बोलले नाहीत. खिशातून नोटा काढून त्यांनी दोनशे चाळीस रुपये पुन्हा दिले आणि ते निघून गेले.

संध्याकाळी मी घरी आल्यावर पाहिले. पैसे सकाळीच आलेले होते.

त्यानंतर मी जे केले ते लिहायला मला लाज वाटते. मी आप्पांवर चिडले. “अहो आप्पा, अपडेट झालंय फक्त. वर तीन रेघा आहेत, त्यात जाऊन बघायचं, त्यात काय एवढं!” आप्पा म्हणाले, “अगं, काल हितंच हुतं की ते.” एवढेच. दुसऱ्या दिवशी ते गुरुजींच्या घरी जाऊन पैसे परत देऊन आले. गुरुजींनी चहा दिला, असू दे म्हणाले. पण ते अजून आमच्या पोत्याकडे फिरकलेले नाहीत. पलीकडच्या कोपऱ्यातून लसूण घेतात, असे आप्पा सांगतात, आणि सांगताना दुसरीकडेच पाहतात.

हे कोणी केले? ॲप बनवणाऱ्यांवर राग काढायला मी मोकळी होते. पण फोनची सेटिंग्ज उघडून पाहिली आणि थिजलेच. प्ले स्टोअरमधला ‘कोणत्याही नेटवर्कवर आपोआप अपडेट करा’ हा पर्याय निवडलेला होता. आणि फोन नवा घेतला त्या दिवशी तो माझ्याच बोटाने निवडला होता. आप्पांना कटकट नको म्हणून!

आमच्या राज्यशास्त्राच्या तासाला जॉन लॉकची मूक संमती शिकवली गेली. राज्याच्या रस्त्यावरून नुसता चाललास तरी तू त्या राज्याच्या सत्तेला मूकपणे मान्यता दिलीस, असे सतराव्या शतकातला हा विचारवंत म्हणतो. त्या वेळी मी ते उत्तरपत्रिकेपुरते पाठ केले. आज वाटते की आपण सारे त्याच रस्त्याने चाललो आहोत. एकदा, कधीतरी, घाईत ‘हो’ म्हटले की पुढच्या प्रत्येक बदलाला आपली संमती गृहीत. आणि इथे तर ते ‘हो’ आप्पांनी म्हटलेलेही नव्हते. त्यांच्या वतीने ते त्यांच्या शिकलेल्या मुलीने म्हटले होते.

आता विरुद्ध बाजू. संगणकशास्त्र शिकणाऱ्या एका मित्राला मी हे कँटीनमध्ये सांगितले तेव्हा तो म्हणाला, “खुळी आहेस का? अपडेट बंद करणं म्हणजे दाराची कडी काढून झोपणं.” त्याचे म्हणणे खोटे नाही. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपमधला एक दोष उघडकीस आला. नुसता एक कॉल करून, समोरच्याने तो उचलला नाही तरी, त्याच्या फोनमध्ये हेरगिरीची प्रणाली घुसवता येत होती. कंपनीने साऱ्या जगातल्या वापरणाऱ्यांना ॲप ताबडतोब अद्ययावत करायला सांगितले. अशा पाळतीचे लक्ष्य झालेल्यांत भारतातले पत्रकार आणि कार्यकर्तेही होते, हे त्याच वर्षी पुढे आले. तेव्हा अपडेट हा नुसता नटवेपणा असतो असे मी मुळीच म्हणणार नाही.

पण कडीची उपमा त्याने दिलीच आहे, तर तीच पुढे नेते. कडी बसवायला येणारा माणूस प्रत्येक वेळी सुतारच असतो का? आयरेकॉर्डर नावाचे, फोनचा पडदा चित्रित करणारे एक ॲप २०२१ मध्ये प्ले स्टोअरवर आले. तेव्हा ते निरुपद्रवी होते. २०२२ च्या एका अपडेटमधून त्यात फोनचा माइक चोरून ऐकणारा भाग शिरला. ईसेट या सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ते उजेडात आणले, तोवर पन्नास हजारांहून अधिक वेळा ते उतरवले गेले होते. ज्यांनी आधीच घेऊन ठेवले होते त्यांच्या घरात चोर अपडेटच्याच दाराने आला. हेतू वाईट नसतानाही घोटाळे होतात, हे वेगळेच. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइडमधल्या वेबव्ह्यू या अंतर्गत भागाचे अपडेट बिघडलेले निघाले आणि जगभर असंख्य फोनांवर जीमेलसारखी ॲप्स उघडताच मिटू लागली. त्यावरचा उपाय म्हणून पुन्हा नवे अपडेटच आले, ही त्यातली गंमत. फोन सोडून संगणकाकडे पाहिले तर १९ जुलै २०२४ ची आठवण अनेकांना असेल. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या दिवशी हस्ताक्षर चांगले असणाऱ्या कर्मचाऱ्यांचा भाव वधारला असेल.

माझा मुद्दा मात्र याहून साधा आहे. अपडेट या एका शब्दाच्या गाठोड्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी बांधून दिल्या जातात. एक दुरुस्ती आणि दुसरी फेरबदल. भोक बुजवणे वेगळे आणि दार हलवणे वेगळे. छपराची गळती काढायला आलेला गवंडी रात्रीत चूलही उचलून परसात मांडून गेला, आणि सकाळी म्हणाला की छप्पर हवे असेल तर चूल तिथेच राहील, तर आपण त्याला काय म्हणू? फोनच्या बाबतीत आपण काहीच म्हणत नाही. आपल्याला वाचता येते म्हणून आपल्याला ती चूल दोन मिनिटांत सापडते. म्हणून तर मला आप्पांची अडचण कळली नाही. ज्याला अक्षर येते त्याच्यासाठी बदललेला पडदा म्हणजे नवे पान. ज्याला फक्त जागा येते त्याच्यासाठी ती पुन्हा पहिली यत्ता. आणि या पहिल्या यत्तेत त्याला भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर बसवले जाते.

वसतिगृहातल्या मित्रमैत्रिणींसाठी आणखी एक छोटी गोष्ट. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्यांचा डेटा दुपारीच संपतो तेव्हा दोष नेहमी चित्रफितींचाच नसतो. ‘कोणत्याही नेटवर्कवर’ हा पर्याय निवडलेला असेल तर पाहा.

मग करावे काय? प्ले स्टोअर उघडावे. वर उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या गोलावर बोट ठेवून सेटिंग्ज, तिथून नेटवर्क प्रेफरन्सेस, आणि त्यात ऑटो-अपडेट ॲप्स. तिथे ‘आपोआप अपडेट करू नका’ असा पर्याय आहे. एखाद्याच ॲपपुरते थांबवायचे असेल तर त्या ॲपच्या पानावर वरच्या तीन ठिपक्यांत त्याची खूण काढता येते. आप्पांच्या फोनवर मी सरसकट बंद केले आहे. पण बंद करून विसरून जाणाऱ्याने हे करूच नये, कारण मग माझ्या मित्राची कडी खरोखरच उघडी राहील. आठवड्यातून एक दिवस बसून यादी पाहावी. बँक, पैसे, निरोप आणि ब्राउझर यांची ॲप्स आधी घ्यावीत, बाकीची सवडीने. आणि नको असलेली काढूनच टाकावीत. आप्पांच्या फोनमधून मी अकरा काढली, त्यांतली सात कशासाठी होती हे आम्हा दोघांनाही सांगता आले नाही.

एवढे करूनही सारे आपल्या हाती येत नाही, हे कबूल केले पाहिजे. प्ले स्टोअर आणि गूगल प्ले सर्व्हिसेस आपले आपण बदलतच राहतात. काही ॲप्सचा चेहरा तर अपडेटशिवाय, कंपनीच्या सर्व्हरवरूनच पालटता येतो. पैशांची काही ॲप्स फार जुनी झाली की चालायचीच थांबतात, आणि ते योग्यही आहे. तेव्हा माझा हा पर्याय म्हणजे किल्ला नव्हे. फार तर कुडाची भिंत म्हणा. पण कुडाच्या भिंतीलाही दार असते, आणि बाहेरच्याला ते वाजवावे लागते. दार वाजले की मला आप्पांना आधी सांगता येते: “आप्पा, उद्या घड्याळ हलणार आहे. आज रात्री बघून घेऊ.” बाजाराच्या आदल्या दिवशी आम्ही काहीच अपडेट करत नाही, असा आता आमच्या घरचा नियम आहे.

कोणी म्हणेल, यापेक्षा आप्पांना लिहायला-वाचायलाच शिकव. शिकवते आहे. पण माणूस साक्षर होईपर्यंत त्याची फजिती झाली तरी चालेल, असे त्यातून निघत नाही. उलट मी तर म्हणेन की ॲप बनवणाऱ्यांनी दुरुस्ती आणि फेरबदल वेगळे करून द्यावेत, जुनी मांडणी काही दिवस ठेवण्याची सोय द्यावी, आणि काय बदलले ते वापरणाऱ्याच्या भाषेत सांगावे. हे ज्यांच्या कानावर जायला हवे ते आमचा वार्षिकांक वाचत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण आपल्यातलेच काहीजण उद्या अशा कंपन्यांत जातील. त्यांनी तरी लक्षात ठेवावे.

आम्ही रविवारी संध्याकाळी बसतो. जेवणे झाली की आप्पा चष्मा लावतात, मी यादी उघडते, आणि एकेका ॲपचे नाव वाचून दाखवते. घ्यायचे की नाही ते आप्पा ठरवतात. परवाच्या रविवारी पैशांच्या त्याच ॲपचे अपडेट आले होते. आप्पा म्हणाले, “काय बदलणार हाय, ते आधी वाच.” मी वाचले. इंग्रजीत एकच ओळ होती: ‘बग फिक्सेस अँड परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट्स.’

“म्हंजे?”

“म्हणजे किरकोळ दुरुस्त्या, आप्पा. आणि थोड्या सुधारणा.”

आप्पा बराच वेळ फोनकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “त्या टायमालाबी असंच लिहिलं हुतं का गं?”

मी मागे जाऊन शोधू लागले. जुन्या वेळी काय लिहिले होते, ते तिथे ठेवलेले नव्हते.