तयार चासीवर बॅटऱ्या टाकल्या की झालं?

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये आमच्या सरांनी परत टेस्लाचं उदाहरण दिलं आणि माझं टाळकं सटकलं. म्हणे, "त्या पोरांनी लोटसची तयार गाडी घेतली, लॅपटॉपचे सेल टाकले, झाली स्पोर्ट्स कार! तुम्हाला एक जुनं मोड्यूल री-यूज करायला तीन महिने कशाला लागतात?"

अहो सर, गोष्ट नेमकी उलटी आहे!

२००३ मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंगने कंपनी काढली तेव्हा प्लॅन असाच होता, कबूल. चासी लोटस एलिसची, मोटरचं तंत्र एसी प्रॉपल्शनचं, सेल बाजारातले. कागदावर झकास. मग ६८३१ सेलचा बोजा आला. चासी लांबवली. आत बसताना कसरत नको म्हणून दाराचा उंबरठा खाली घेतला. बॉडी कार्बन फायबरची केली. शेवटी एलिसशी सामायिक पार्ट किती उरले? सात टक्क्यांहून कमी, हे टेस्लाच सांगायची. मस्कनेही २०१६ च्या भागधारकांच्या सभेत मान्य केलं की हे गृहीतकच चुकलं होतं.

गिअरबॉक्सची कथा तर आम्हा इंजिनिअर लोकांनी पाठच करावी. चार सेकंदांत ताशी ६० मैल आणि वर १२५ मैलांचा टॉप स्पीड, दोन्ही हवं म्हणून दोन गिअर. पण इलेक्ट्रिक मोटर शून्यापासून पूर्ण टॉर्क देते, त्यापुढे तो गिअरबॉक्स टिकेचना. २००८ मधल्या पहिल्या गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये लॉक करून दिल्या! मग पॉवर इलेक्ट्रॉनिक्स सुधारून एकाच गिअरवर काम भागवलं. सुंदर उपाय, पण फुकट नाही आला. तारखा घसरल्या, ऑगस्ट २००७ मध्ये एबरहार्डचं सीईओपद गेलं आणि २००९ मध्ये बुकिंग केलेल्यांकडून काही फीचर्सचे जादा पैसे मागितले.

आमच्या स्लाइडवर मात्र फक्त जुलै २००६ चा सँटा मोनिकाचा झगमगाट असतो.

"पण शेवटी जमलंच ना?" जमलं की. २०१२ पर्यंत सुमारे २४५० गाड्या विकल्या. पण गिअरबॉक्स टिकत नाही हे तिथे कुणीतरी बोललं आणि ते ऐकलं गेलं. मी ऑक्टोबरात लिहिलं की जुनं मोड्यूल हा लोड झेपवणार नाही, तर उत्तर आलं, "निगेटिव्ह होऊ नकोस." (रिव्ह्यूत 'अ‍ॅटिट्यूड'चा शेरा वेगळाच!)

असो. सोमवारी अकराला परत मीटिंग आहे. एस्टिमेट तीन महिनेच लिहिलंय.