आमच्याकडं ऑर्केस्ट्रा म्हणजे काय?

परवा पाटोद्यात चहाच्या हॉटेलात एका मित्रानं मोबाईल पुढं केला. म्हणला, "बघ, आपला मुंबईचा माणूस शंभर गोऱ्यांना एका काडीवर वाजवायला लावतोय!" व्हिडिओ झुबिन मेहतांचा होता. सगळ्यांची छाती फुगली. मी एवढंच विचारलं, की त्यांना घडवण्यात आपला वाटा किती? कुणी बोलंना. म्हणून हे लिहितोय. लांबलंय, पण पूर्ण वाचा आणि मग शिव्या द्या.

झुबिन मेहतांचा जन्म १९३६ चा, मुंबईचा. वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवायचे. त्यांनी पदरमोड करून, धडपड करून मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पण पोराला कंडक्टर व्हायचं तर इथं शिकायची सोयच नव्हती. १९५४ साली अठरा वर्षांचं पोरगं डॉक्टरकीची वाट सोडून व्हिएन्नाला गेलं. १९५८ ला लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली. १९६२ पासून लॉस एंजेलिस, १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क, आणि २०१९ पर्यंत इस्रायल फिलहार्मोनिक. २००१ ला आपण पद्मविभूषण दिलं. म्हणजे शिकवलं व्हिएन्नानं, राबवून घेतलं अमेरिकेनं, आणि हार घालायला आपण!

आता पुढचं ऐका. २००६ साली मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएनं 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' काढला. संगीत दिग्दर्शक कोण? कझाकस्तानचे मरात बिसेनगालिएव्ह. कंडक्टर म्हणून येवगेनी बुश्कोव्हसारखे रशियन. वादकही कितीतरी तिकडूनच आणावे लागले. एवढ्या मोठ्या देशात एक ऑर्केस्ट्रा भरायला माणसं पुरली नाहीत. यात त्या पाहुण्यांचा काय दोष? ते शिकून आलेत, आपण शिकवलं नाही.

रशियात गावोगावी पोरांच्या संगीतशाळा आहेत. रोजची शाळा सुटली की पोरं तिकडं जातात, वर्षानुवर्षं शिकतात. वालेरी गेर्गिएव्ह हा त्यांचा सगळ्यात गाजलेला कंडक्टर. तो वाढला कुठं? मॉस्कोत नाही, कॉकेशसच्या डोंगराकडेला, व्लादिकाव्काझमध्ये. तिथनं लेनिनग्राड, मग लंडन, म्युनिक. हां, हाच माणूस पुतिनचा खंदा पाठीराखा. युक्रेनच्या युद्धाचा निषेध करायला तयार झाला नाही, म्हणून मार्च २०२२ मध्ये म्युनिकनं त्याला काढून टाकलं. बरोबरच केलं, असं माझं मत आहे. आपल्याला त्याचं राजकारण नको. पण त्याच्या गावातली ती संगीतशाळा? ती पाहिजे.

कारण पोरं आपल्याकडं कमी नाहीत. मांजरा जिथं उगम पावते तो बालाघाट आपला. जत्रेत हलगी शेकून वाजवायला लागलेलं बारा वर्षांचं पोर बघा. कुणी ताल शिकवला नाही, तरी एक मात्रा इकडची तिकडं होत नाही. तेच पोर दिवाळीनंतर आईबापाच्या कोयत्यामागं कारखान्याला जातं. मागं राहिलंच तर वर्गात बाक वाजवतं म्हणून मार खातं. माझ्या डोळ्यादेखत एका शाळेत हे झालंय. नाव घेत नाही.

आणि आमच्याकडं 'ऑर्केस्ट्रा' कशाला म्हणतात? नेत्याच्या वाढदिवसाला स्टेज, लाइटिंग, चार हिंदी गाणी आणि छाती दणाणणारा डीजे. एका रात्रीत जेवढा पैसा उडतो, तेवढ्यात शाळेला पेट्या, तबले, हलग्या येतील. वर शिकवणाऱ्याचं मानधनही भागेल.

काही जण म्हणतील, हलगी ही एका जातीच्या माथी मारलेली. खरंय. गावानं फुकट वाजवून घेतली, पायरीखाली उभं करून वाजवून घेतली. म्हणूनच अनेकांनी ती स्वाभिमानानं खाली ठेवली, त्यांना माझा सलाम. माझं म्हणणं उलटं आहे. हलगी वर्गात आणा, सगळ्या जातींच्या पोरापोरींच्या हातात द्या, आणि शिकवणाऱ्याला 'सर' म्हणा. पगार द्या. जात तिथं तुटंल.

दुसरे म्हणतील, इथं प्यायला पाणी नाही अन् तुला पेटी-तबला सुचतोय. पाणी मागायलाच पाहिजे. पण गरिबाच्या पोरानं फक्त पाणी, रेशन अन् कोयताच मागायचा, आणि कला नरिमन पॉइंटच्या पोरांनी शिकायची, हे कुणी ठरवलं?

आणि ही मागणी काही चैनीची नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय: सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त पोरं असतील, तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक पाहिजे. तुमच्या गावच्या शाळेत आहे का? उद्याच जाऊन विचारा. नसंल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्या, ग्रामसभेत ठराव मांडा, त्याची प्रत पंचायत समितीला द्या आणि पोच घ्या. हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या पोरांनाही त्यात धरा.

झुबिन मेहतांचे व्हिडिओ खुशाल फॉरवर्ड करा. पण त्याआधी आपल्या आळीतल्या हलगीवाल्या पोराचं नाव काय, ते विचारून या. ते ज्याला माहीत नाही, त्यानं छाती फुगवू नये.

तुमच्या शाळेत कलेचा निदेशक आहे की नाही, गावाच्या नावासह कमेंटमध्ये लिहा. यादी करू, आणि मिळून जाऊ.