टेबलावरची पुस्तके

ज्या पुस्तकांना रोज मागणी असते ती ग्रंथपाल कपाटात परत ठेवीत नाही, आपल्या टेबलावरच राहू देतो. संगणकाच्या परिभाषेत ‘कॅश’ म्हणतात ती सोय याहून फारशी निराळी नाही. हार्ड डिस्क हे कपाट. चपळ एसएसडी हे टेबल.

आमच्या सिल्वासाच्या घरी जुन्या फितींवरून उतरविलेली गाणी, आप्तांच्या लग्नांची चित्रणे आणि चित्रपट चार हार्ड डिस्कच्या संचात साठविले आहेत. त्यांत ‘गीतरामायण’ही आहे, ज्या सुधीर फडक्यांनी १९५४ साली याच भूमीच्या मुक्तिलढ्यात भाग घेतला, त्यांचाच तो स्वर. दिवाळीत भाचा आला आणि म्हणाला, “मामा, तुमचा संच फार रेंगाळतो. एसएसडीची कॅश बसवून घ्या.” खर्च थोडका नव्हता, म्हणून (मास्तरकीची खोड!) आधी हिशेब मांडला.

एकटी हार्ड डिस्क सलग वाचन करताना सेकंदाला सुमारे १५० मेगाबाइट देते. घरातले गिगाबिट जाळे १२५ हून अधिक वाहूच शकत नाही. चित्रपटाला लागतात एक-दोन. अतिसुस्पष्ट फोर-केला फार तर दहा-पंधरा. तीन खोल्यांत तीन चित्रपट लागले तरी संचाला धाप लागत नाही. शिवाय आज पाहिलेला चित्रपट उद्या पुन्हा कोण मागतो? वर्षातून एकदा नेली जाणारी कादंबरी टेबलावर ठेवून काय साधणार? म्हणूनच कित्येक यंत्रणांत असे लांबलचक सलग वाचन कॅशमध्ये न घेण्याची सोय केलेली असते.

मग रेंगाळणे होते कुठे? ते होते सूचीत. चित्रपटांची यादी उघडली की शेकडो चिमुकली मुखचित्रे आणि नोंदी डिस्कच्या कानाकोपऱ्यांतून गोळा कराव्या लागत. प्रत्येक शोधाला हार्ड डिस्कला दहाएक मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर शोध. एसएसडी हजारो करते. तेव्हा कॅशच्या भानगडीत न पडता एक लहानशी एसएसडी घेतली आणि केवळ सूची तिच्यावर हलविली. यादी आता डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उघडते.

लेखनासाठी कॅश वापरण्याची तर मला धास्तीच वाटते. नवा मजकूर आधी एसएसडीवर आणि सवडीने डिस्कवर जातो. मधल्या काळात ती एकुलती एसएसडी दगावली, तर मजकूर तर जातोच, पण साऱ्या संचाची घडीही विस्कटू शकते. हा मार्ग पत्करायचाच तर जुळ्या एसएसडी हव्यात.

उरलेल्या पैशांत एक सुटी हार्ड डिस्क आणून सर्व संग्रहाची प्रत केली. चारांपैकी एक डिस्क गेली तर संच तग धरतो. पण चुकून पुसलेले, किंवा चोरीस गेलेले, तो परत देत नाही. ती प्रत भाचा वापीला घेऊन गेला. तीत त्याच्या आईच्या लग्नाचे चित्रण आहे. मूळ कॅसेट बुरशीने केव्हाच खाल्ली.