डोंगर कापून खेळायचा खेळ

आपल्या खोऱ्यात दुर्बीण लावून मोजणी करणारे दोनदा येऊन गेले. विचारलं तर म्हणाले, वर गोल्फचं मैदान होणार आहे, जमीन पडीकच आहे. पडीक कसली? तिथे आपल्या दळ्या आहेत, नाचणी-वरईची वरकस आहे. पण दळीचं नंतर बोलू. आधी हे मैदान डोंगरावर बसवतात कसं, ते समजून घेऊ.

गोल्फ म्हणजे काठीने चेंडू मारत नेऊन सव्वाचार इंचाच्या भोकात घालायचा. अशी 18 भोकं, प्रत्येकाला गवताचा लांबलचक पट्टा. सगळं मिळून सपाटीवरच सव्वाशे-दीडशे एकर लागतात. डोंगरावर त्याहून जास्त, कारण कडे आणि घळी सोडाव्या लागतात. उतारावर चेंडू थांबत नाही, गडगडत जातो. म्हणून वरची बाजू कापायची, ती माती खालच्या अंगाला भरायची आणि पट्टा सपाट करायचा. भोकाभोवतीची हिरवळ तर अशी की शंभर फुटांत दोन-तीन फूटच उतार. आपणही उतारावर बांध घालतो, पण दगड रचून, पाण्याला वाट ठेवून. आपल्याकडे कातळावर हात-दोन हात माती. ती उकरून ढीग केली, वर आषाढातला पाऊस पडला, की ढीग कुठे येणार? ओढ्यात, आणि ओढ्यातून खालच्या पाड्यात.

पावसाळ्यात पाणी नको, म्हणून हिरवळीखाली पाईप, खडी आणि वर फूटभर वाळू घालतात. वाळूत पाणी टिकत नाही. मग उन्हाळ्यात रोज शिंपायचं. हिशोब सोपा आहे, शाळेतल्या पोरांकडून करून घ्या. शंभर एकर गवताला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी दिलं तर 20 लाख लिटर होतात. दहा हजारी टँकर धरले तर 200. सरकार खेड्यात माणशी 55 लिटर धरतं, म्हणजे 36 हजार माणसांचं पाणी. आपल्या बाया एप्रिलमध्ये झऱ्यावर वाटीने हंडा भरतात. वर गवत हिरवं राहावं म्हणून खत आणि औषध मारणार, तेही वाळूतून झिरपून त्याच झऱ्याकडे येणार.

उताराची अडचण आणि पाण्याची अडचण, दोन्ही सुटतात, पण खाली राहणाऱ्यांच्या जिवावर.

काही पोरं म्हणतात, रोजगार मिळेल. त्यांना आम्ही नावं ठेवत नाही, वीटभट्टीवर कोण खुशीने जातं? पण मिळणार काय, तर गवत कापणं आणि साहेबाची काठ्यांची पिशवी उचलणं. खरा धंदा मैदानाचा नाहीच, त्याच्या कडेने विकल्या जाणाऱ्या बंगल्यांचा आहे.

मेक्सिको देशात टेपोझ्टलान नावाचं गाव आहे, डोंगराच्या कुशीत, मूळ नाहुआ आदिवासी लोकांचं. 1995 मध्ये गावाच्या सामूहिक जमिनीवर 18 भोकांचं मैदान आणि शेकडो बंगले येणार होते. गावाच्या मंडळाने परवानगी दिली, तर लोकांनी त्या मंडळालाच घालवलं, रस्त्यांवर अडथळे टाकले आणि आपलं मंडळ स्वतः निवडलं. एप्रिल 1996 मध्ये मोर्चावर पोलिसांची गोळी चालली, एक म्हातारा बाबा गेला. त्यानंतर लगेच कंपनीने माघार घेतली. स्वस्तात झालं नाही ते.

आता कायदा. वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन देता येते ती 13 कामांना: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, तलाव, रस्ता वगैरे. तीही एकेका कामाला एक हेक्टरच्या आत. यादीत गोल्फ नाही. मोठी वनजमीन द्यायची तर 1980 च्या कायद्याने केंद्राची मंजुरी लागते, आणि केंद्राच्या 3 ऑगस्ट 2009 च्या पत्रात आधी दावे निकाली निघावेत आणि ग्रामसभांची संमती घ्यावी, असं म्हटलं होतं. आपल्याला दोन एकर दळीसाठी 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा पुरावा मागतात, आणि इथे दीडशे एकरला नुसती दुर्बीण पुरते!

म्हणून मोजणीवाले पुन्हा आले तर भांडू नका, हाकलू नका. तीन गोष्टी लेखी मागा: कोणत्या सर्व्हे नंबरात मोजणी आहे, कापलेली माती कुठे टाकणार, उन्हाळ्यात पाणी कुठून उचलणार. उत्तर येईपर्यंत कोणी कशावरही अंगठा देऊ नये. येत्या ग्रामसभेला दळीच्या जुन्या पावत्या, दंडाच्या पावत्या, जे असेल ते घेऊन या. बायांनी नक्की या, झरा कोणत्या महिन्यात आटतो हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचं आहे.