दार लोटून घ्या!

"धर्म ज्याचा त्यानें घरीं ठेवावा, कामाच्या ठिकाणीं आणूं नये," हें वाक्य सुशिक्षितांच्या तोंडीं इतकें बसलें आहे कीं, त्याचा अर्थ काय हें विचारण्याची कोणास गरजच वाटत नाहीं. अजिंठ्याच्या वाटेवरील आमच्या सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गांवीं हिंदु, मुसलमान, बौद्ध आणि ख्रिस्ती एकाच शाळेंत शिकवितात, एकाच कचेरींत टेबलास टेबल लावून बसतात. अशाच एका शाळेंत, डबा उघडण्यापूर्वीं क्षणभर डोळे मिटणाऱ्या एका ख्रिस्ती बाईंना "हें घरीं करीत जा" अशी सूचना मिळाल्याचें परवां कानीं आलें. शिक्षकांच्या त्याच खोलींत सरस्वतीच्या तसबिरीस हार पडतो, खंडेनवमीस कपाटांनासुद्धां गंधफूल वाहिलें जातें. या गोष्टी मला प्रिय आहेत; मी स्वतः ख्रिस्ती नाहीं. परंतु आपला तो संस्कार आणि दुसऱ्याचा तो प्रचार, हा बाब्या-कार्ट्याचा न्याय विद्यामंदिरांत तरी चालूं नये.

वाद जुनाच आहे. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती झाल्या. मार्च १८८९ मध्यें त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांसाठीं असलेल्या या संस्थेंत धर्मोपदेश करावयाचा नाहीं, मुलींनीं आपापले आचार पाळावे, असें वचन होतें. खुद्द रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत. मात्र खोलीचें दार लावून घेत नसत. कांहीं मुली आंत येऊन बसूं लागल्या आणि पुण्यांत गहजब उडाला. 'केसरी'नें झोड उठविली. १८९३ सालीं रानडे व भांडारकर यांच्यासारखे स्नेहीहि सल्लागार मंडळांतून बाहेर पडले आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या.

या दोघां प्रार्थनासमाजी पुरुषांस कोत्या मनाचे ठरविणें कृतघ्नपणाचें होईल. जिला अन्न आणि आसरा बाईंचाच, ती मुलगी बाईंच्या खोलींत शिरते ती श्रद्धेनें कीं उपकाराच्या ओझ्यानें, हा त्यांचा प्रश्न खरा होता. १८९५ सालीं सदनांतील कांहीं मुलींनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां तर तो अधिकच टोंचूं लागला. आणि बाईंच्या भक्तांनीं त्याचें पुरतें समाधान केलें आहे असें मला वाटत नाहीं. पालकांस मुली परत नेण्याचा अधिकार होता, तो त्यांनीं बजावला, येथवर सर्व रास्त.

पण दार लावून घ्या म्हणणें, ही गोष्ट निराळी. वचन संस्थेच्या शिकवणीचें होतें. संस्थाचालिकेनें आपला देव मुलींच्या दृष्टीस पडूं देऊं नये, असें तें नव्हतें, आणि कोणतेंहि स्वाभिमानी माणूस तसें वचन देणार नाहीं. शिवाय उघड्या दाराचा धाक एवढा कशासाठीं? याच सदनांत राहून शिकलेल्या गोदूबाई हिंदूच राहिल्या. ११ मार्च १८९३ रोजीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई झाल्या. ज्या वर्षीं दाराबद्दल एवढा कोलाहल झाला, तेंच हें वर्ष!

आतां सिल्लोडच्या बाईंकडे वळूं. त्यांच्या अन्नावर कोणी जगत नाहीं. त्यांच्यासमोर बसतात ते त्यांच्याच बरोबरीचे, चांगले पदवीधर गृहस्थ. दोन मिनिटें मिटलेल्या डोळ्यांनीं त्यांचा धर्म डळमळत असेल, तर दोष डोळ्यांचा खास नव्हे. रानड्यांचा प्रश्न विचारावयाचाच असेल, तर तो सत्ता असेल तेथें विचारावा. एखाद्या शाळेंत सत्यनारायण असतो, वर्गणीची यादी हेडमास्तरांच्या सहीनें फिरते, आणि तीहि नेमकी पगाराच्या दिवशीं. त्या यादीवर "नको" असें लिहिण्याची छाती किती कनिष्ठ शिक्षकांस होते? सूचना देणाऱ्या सद्गृहस्थांनीं ती यादी एकवार वाचून पाहावी, आणि त्या बाईंचें नांव तींत आहे कीं नाहीं, तेंहि पाहावें.